श्वासाच्या जागी

भीमराजच्या कानातून माझे आण्णा खाली पडले. म्हणजे पडलं ते त्याच्या कानातलं बिनवायरचं बटण, पण मला ते तसंच वाटलं. कंपनीची जनरल शिफ्टची बस कुरुळीच्या पुढं कंटेनरांच्या रांगेत अडकली होती. शेजारी भीमराज तोंड उघडं टाकून झोपलेला. ब्रेक लागला, त्याची मान माझ्या खांद्यावर आली आणि बटण सुटून माझ्या मांडीवर पडलं. मी ते उचललं तर त्यातून बारीक आवाज येत होता. संबळाचा घुमारा आणि त्यावर लांबून कुणाला तरी हाका मारणारा एक म्हातारा गळा. माझ्या बापाचा गळा. गेला पंधरवडा ज्या आवाजावरून घरात अबोला चालला होता, तोच आवाज कुरुळीच्या भीमराजच्या कानात, तेही चाकण रोडला, सकाळी सकाळी! भीमराज जागा झाला, हात पुढं करून म्हणाला, "द्या की राव हिकडं." मी विचारलं, काय ऐकतोयस? "झोपंचं हाय. वाडीतल्या एकानं धाडलं. लई झ्याक झोप लागती. म्हातारं कुनाला तरी बोलावतंय, बोलावतंय, अन् मधीच थांबतंय. श्वास घेतंय. तितं आपला डोळा लागनारच, ग्यारंटी!" मी म्हटलं, कुणाला बोलावतोय तो? भीमराजनं बटण पुसून पुन्हा कानात खुपसलं. "काय म्हाईत. कोन यीत न्हाई, येवडं खरं," असं म्हणून तो परत झोपला.

हे माझंच आहे, असं मी त्याला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? आमच्या कंपनीत मी मोल्डिंग शॉपचा इंजिनिअर. मोटारीच्या डॅशबोर्डाचे प्लास्टिकचे भाग निघतात, त्यांना फोड येऊ नये, खड्डा पडू नये, हे बघायचं. तिथं कुणाला माहीत नाही की हा नवनाथ घरी जाऊन लॅपटॉपसमोर बसतो आणि आवाज ताणतो. हो, ताणतो. दुसरा शब्द नाही मला सापडत. लोक त्याला अँबियंट म्हणतात, फोकट्रॉनिक म्हणतात. माझी आई घुमघुम म्हणायची. "झाली का घुमघुम? मग जेवा." एखादा खरा आवाज घ्यायचा, त्याचा एक तुकडा कापायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा, हळू करायचा, पसरायचा, की शब्द विरघळून जातात आणि नुसता रंग उरतो. तेवढं मला जमतं. तेवढ्यानंच मला बरं वाटतं. आठ तास मशीनचा साचा मिटतो, भरतो, थंड होतो, उघडतो, पुन्हा मिटतो, ते बघून आलेल्या माणसाला घरी येऊन पुन्हा तेच फिरणं कसं आवडतं, असं योगिनी मला चिडवते. मला कुठं ठाऊक?

योगिनी म्हणजे 'कोनाडा'. कोनाडा हे आमच्या रेकॉर्ड लेबलचं नाव. लेबल म्हटल्यावर ऑफिस, पाटी, शिपाई असं काही डोळ्यापुढं आणू नका. चऱ्होलीत योगिनीच्या वडिलांच्या शेतावर जी इमारत उभी राहिली, त्यातल्या फ्लॅटची आतली खोली म्हणजे कोनाडा. भिंतींना जुन्या गाद्या उभ्या बांधलेल्या, कपाटात कॅसेटी. दिवसा ती सॉफ्टवेअर तपासते, उरलेल्या वेळात आमच्यासारख्या चारदोन वेड्यांचे आवाज जगात सोडते. आमचं पहिलं प्रकाशन चाकणच्या बाजारातला कांद्याचा लिलाव होतं, इतका सावकाश केलेला की बोली लावणारा आडत्या कीर्तनकार वाटावा. दुसऱ्यात देहूरोडकडून लांबून येणारे लष्करी सरावाचे धडाम आणि त्यावर एका बाईची अंगाई. दोन्हींचं कुणी नाव घेतलं नाही. मग आण्णांचं आलं आणि गंमत झाली. कॅसेटी संपल्या. कुठल्या कुठल्या देशांतून लोक लिहायला लागले, की आम्हाला झोप येत नव्हती, आता येते. एका बाईनं लिहिलं, तो मधला श्वास येतो तेव्हा मला वाटतं माझ्या खोलीत कुणीतरी आहे आणि मी एकटी नाही. योगिनीनं ते मला फोनवर वाचून दाखवलं आणि मी, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी शॉपमध्ये छाती काढून हिंडलो.

आण्णा गोंधळी. चिमाजी गोंधळी म्हटलं की काळेवाडीत, रहाटणीत, थेरगावात मराठवाड्याकडची जेवढी घरं आहेत तेवढी ओळखतात. आम्ही धाराशिवकडचे. लोक कंपन्यांच्या मागं इकडं आले, मग त्यांच्या लग्नांमागं त्यांचा गोंधळीही आला. घरात लग्न झालं की गोंधळ घालायचा, नाहीतर देवीचं देणं राहिलं म्हणतात. पाटाभोवती धान्याचा चौक भरायचा, कलश मांडायचा, दिवटी पेटवायची. मग आण्णा कमरेचा संबळ घुमवत एकेका देवाला त्याच्या गावाच्या नावानं हाक मारतात, की अमक्या गावच्या आई, या घरी गोंधळ मांडलाय, या. डोंगरावरचे, नदीकाठचे, वेशीवरचे, सगळे. कुणी राहता कामा नये. देव आले, बसले, मग कथा, मग आरती, आणि शेवटी जितक्यांना बोलावलं तितक्यांना नावानं पाठवणी, आणि दिवटी दुधात शांत करायची. फुंकर मारायची नाही. पूर्वी हे रात्रभर चालायचं. आता दहाला स्पीकर बंद करावा लागतो, म्हणून आण्णा दुपारीच मांडतात, इमारतीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटर बाजूला सारून. देवांचं काही म्हणणं नाही, म्हणतात, सोसायटीच्या सेक्रेटरीचं असतं.

तसल्याच एका पार्किंगमध्ये मी त्यांचा अख्खा गोंधळ टिपला होता. विचारून टिपला. "कर काय करायचं ते," म्हणाले, तंबाखू मळता मळता. मग घरी बसून मी तो ऐकला आणि कापायला लागलो. मला फक्त हाका हव्या होत्या. कथा नको, आरती नको, लोकांची खुसपुस नको. हाकांचा तुकडा फिरवायचा तर जोड लपवायला एखादी शांत जागा लागते, नाहीतर प्रत्येक फेरीला ठेच लागल्यासारखं होतं. ती जागा मला आयती मिळाली. शेवटच्या देवाचं नाव घेऊन झालं की आण्णा संबळ थांबवतात. काठ्या तशाच वर, हवेत. एक लांब श्वास घेतात, आणि मग पुन्हा घुमवतात. कितीदा तरी मी ते बघितलंय; मला वाटायचं दम लागतो म्हाताऱ्याला. मी जोड तिथं घातला. श्वास कितीतरी पट लांबवला, त्याला विहिरीसारखा घुमारा दिला, आणि त्यातूनच पुन्हा पहिल्या देवाची हाक उगवेल असं केलं. योगिनी हेडफोन काढून म्हणाली, "नवनाथ, हे तुझं सगळ्यात चांगलं काम आहे." मलाही तसंच वाटलं. अजूनही वाटतं, तिथंच तर गोम आहे.

आण्णांनी ते ऐकलं कुठं, तर जिन्यात. आमच्या खालच्या मजल्यावर कुसुमताई राहतात. त्यांची सून पुनम, तिचं तान्हं दुपारी झोपत नाही. तिला कुणीतरी फोनवर पाठवलेलं, तिनं स्पीकरवर लावलं. आण्णा मेथीची जुडी घेऊन जिना चढत होते आणि उघड्या दारातून त्यांच्याच हाका ऐकू आल्या. "आण्णा, आत या ना, बसा," पुनम म्हणाली, तर गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी ते सगळं ऐकलं, संपेपर्यंत. पोर झोपलं. पुनमनं मला नंतर सांगितलं, की मला वाटलं आण्णांना अभिमान वाटत असेल, म्हणून मी फोन जरा त्यांच्याकडं फिरवून धरला. आण्णा वर आले, मेथी ओट्यावर ठेवली, खुंटीवरचा संबळ काढला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि स्टूल घेऊन माळ्यावर टाकला. सत्तरीचा माणूस स्टुलावर चढलेला बघून मी ओरडलो, "अहो पडाल की!" तर म्हणाले, "पडलो तर पडलो."

लगेचच पुढं कुसुमताईंच्या धाकट्याचं, गणराजचं, लग्न झालं आणि त्या वर आल्या. तारीख धरायची होती. "आण्णा, थोरल्याचा गोंधळ तुम्हीच घातला, धाकट्याला काय वेगळा माणूस बघू?" आण्णा खाली मान घालून म्हणाले, "ताई, एक चालू हाय. एक चालू आसताना दुसरा मांडता येत न्हाई." कुठं चालू आहे, कुणाकडं, त्या बिचाऱ्या विचारत राहिल्या. आण्णांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्याला इचारा." कुसुमताई गेल्यावर आमची जुंपली. मी म्हटलं, आण्णा, ते रेकॉर्डिंग आहे, गाणं आहे, त्यात चौक नाही, दिवटी नाही. "मंग हाका कशापायी मारायलास? बोलवलास. बसवलास कुठं? जेवू घातलास? परत बोलवलास. दारात आलेल्याला परत पयल्यापासनं बोलवायलास! त्यांनी काय करावं, सांग की." मी म्हटलं, देवांना कळतं हो एवढं. "देवाला कळतंय," आण्णा म्हणाले, "समद्यांनाच कळत न्हाई." हे समदे कोण ते मी विचारलं नाही. रागात होतो. मी योगिनीला फोन केला तर ती चटकन म्हणाली, काढून टाकते आजच, काकांपेक्षा मोठं नाही ते. आणि मीच, बघा माझी अक्कल, मीच म्हटलं, थांब जरा, घाई नको. तशी ज्यांनी उतरवून घेतलंय त्यांच्याकडून ते कोण काढणार होतं? भीमराजच्या कानातून कोण काढणार?

त्या दिवशी शॉपमध्ये माझं लक्ष नव्हतं. मशीनपुढं उभा होतो आणि साचा मिटला की मला भीमराजचं वाक्य आठवत होतं. कोण येत नाही, एवढं खरं. साचा थंड व्हायला जो वेळ जातो त्यात काही हलत नाही, नुसतं थांबायचं; बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मशीन बंद पडलं. आतलं त्याच वेळात घट्ट होत असतं. मला आण्णांच्या वर धरलेल्या काठ्या दिसायला लागल्या. दम लागलेला माणूस काठ्या खाली घेतो. हे धरून ठेवतात. माझ्या लहानपणी काठ्या वर जायच्या नाहीत, हेही आठवलं. गोधडीत बसून अर्धवट झोपेत मी ऐकायचो तेव्हा संबळ लागोपाठ चालायचा की. की असायचा हा थांबा, लहानसा? आई तेव्हा बाजूला बसून दिवटीला चिंध्या गुंडाळत असायची. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून, तेलात भिजवून, घट्ट. आण्णा देव्यांना एकेकीला नावानं आळवायला लागले की ती मला कोपरानं ढोसायची आणि हळूच म्हणायची, "जगातल्या समद्या आयांना नावानं हाका मारतोय तुजा बाप. मला मातर 'अगं ए'." आणि तोंडाला पदर लावून हसायची. खरंच, आण्णांनी तिचं नाव कधी घेतलं नाही. त्यांच्या पिढीत घेत नाहीत. मला ती रंभा आहे हे शाळेच्या दाखल्यावरून कळलं.

तिचा विचार आला की मी एरवी तो बाजूला सारतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. काळेवाडीच्या चौकातून ॲम्ब्युलन्समध्ये चढली ती स्वतःच्या पायांनी, पिशवीत चार्जर आणि दोन मोसंबी घेऊन, आणि वळून मला म्हणाली, आण्णांना दोन वेळ गरम पाणी दे. त्यानंतर आम्ही तिला पाहिलं नाही. फोन आला, आकडा झाली, राख मिळाली. तेरावा केला, सगळं रीतसर केलं, पण दारातून तिला नेलं नाही, कुणी खांदा दिला नाही, नमस्कार करायला पाय मिळाले नाहीत. मला आजही वाटतं ती कुठल्यातरी वॉर्डात चार्जरला प्लग शोधत बसलीय. ही जी गोष्ट आहे ती आम्ही बापलेकांनी कधी एकमेकांजवळ बोललेली नाही. दोघं जेवतो, भांडी घासतो, बातम्या बघतो. मशीनसमोर उभं राहून हे सगळं एकदम वर आलं आणि मला शॉपमधून बाहेर बेंचावर जाऊन बसावं लागलं. डोळे पुसले, कुणी बघत नव्हतं. आण्णांचा थांबा केव्हापासून लांबला, ते मला त्या बेंचावर कळलं. कळलं म्हणजे शंका आली. पण शंका अशी की बूड टेकवेना.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा आण्णा गॅलरीत मेथी निवडत बसले होते. मी बूट न काढताच समोर बसलो. म्हटलं, "आण्णा, हाका झाल्या की तुम्ही थांबता, श्वास घेता. तिथं काय असतं?" आण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. एक काडी मोडली, पान बाजूला टाकलं. "काय आसतंय? श्वास आसतोय." मी म्हटलं, नाही, सांगा. खालून पुनमच्या पोराचं रडणं येत होतं. मग आण्णा म्हणाले, "आमच्या घरची रीत हाय. देव बोलवून झालं की गोंधळ्यानं आपल्या घरची गेलेली माणसं मनात बोलवायची. तोंडानं न्हाई. यजमानाचा गोंधळ, आपलं गाऱ्हानं मोठ्यानं घालायचं नसतंय. माज्या बापानं त्याच्या बापाला बोलवलं, मी माज्या बापाला. श्वासभर. आता..." मेथीच्या जुडीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. "आता तुज्या आईला बोलवतो. दर गोंधळाला. पार्किंगमदी का होईना, येती. येती म्हंजे, मला वाटतंय बाबा."

आण्णाच पुढं म्हणाले, "आन् शेवटाला समद्यांला पाठवनी करतो. देवांना नावानं, बापाला, आज्याला मनात. तिला न्हाई." मी म्हटलं, "म्हणजे?" "म्हंजे न्हाई पाठवत. दिवटी दुदात जाती, आन् तिचं तेवडं ऱ्हाऊ देतो. मागं ऱ्हातीया तर ऱ्हाऊ दे, म्हनलं. दवाखान्यातनं कुनी नीट पाठवली व्हती तिला? माझ्यानं व्हईना." त्यांचा आवाज फुटला. माझ्या बापाला मी रडताना पाहिलं नव्हतं, तिच्या वेळेससुद्धा नाही. "चोरून करत व्हतो. कुनाला म्हाईत नव्हतं. आन् त्या पुनमीच्या दारात हुबा ऱ्हायलो तर तूच ते येवडं मोठं करून लावलेलं. माजा चोरटा श्वास, ही येवडी हवेली करून! आन् ती त्यात यायली, दारात थांबायली, परत बोलवायलो, परत यायली. दमली आसंल रे नवनाथ. लेकराला झोपवायला तिला ताटकळत हुबी केलीया आपन दोघांनी." त्यांनी 'आपण दोघांनी' म्हटलं. मला एकट्याला धरलं असतं तर सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, ते सगळं काढून टाकतो. आण्णांनी नाकानं हुंकार दिला. "काडून काय व्हतंय? गेल्यालं गेलं लोकांच्या घरात. मोडायचा आसंल तर नीट मोड. आरती कर, पाठवनी कर, दिवटी शांत कर, आन् तेबी त्याच वाटंनं लोकांकडं धाड. ज्यांनी बोलावनं ऐकलं त्यांनी पाठवनीबी ऐकूंदे." मी विचारलं, यजमान कोण? गोंधळाला यजमान लागतो, पाटावर बसायला. आण्णा तेव्हा जरासे हसले, रडून झाल्यावर माणूस हसतो तसे. "ज्यानं बोलवलं तो. तूच की, शहाण्या."

रविवारी सकाळी आम्ही चऱ्होलीला गेलो. योगिनीनं गाद्यांच्या खोलीतलं सगळं सामान बाहेर काढून फरशी पुसून ठेवली होती. "काका, ज्वारी चालेल का? घरची आहे," तिनं विचारलं, आण्णा म्हणाले, "पोरी, तुज्याच रानात चौक भरायलोय, तुजीच ज्वारी पायजे." तिनं पाट दिला, कलशाला पानं आणली, दूध एका स्टीलच्या डब्यात ठेवलं. दिवटीला चिंध्या मी गुंडाळल्या. मला जमत नव्हत्या. सैल होत होत्या, आण्णांनी दोनदा उसवायला लावल्या. "घट्ट. तुजी आई बग कशी घट्ट बांदायची." मी पाटावर बसलो. गोंधळ्याच्या पोरानं पाटावर बसायचं, म्हणजे कंडक्टरनंच स्वतःचं तिकीट काढायचं. आण्णांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. योगिनी कोपऱ्यात मशीन चालू करून हेडफोन लावून मांडी घालून बसली. संबळ माळ्यावर गारठून बसला होता, आण्णांनी दिवटीच्या धगीला धरून त्याचं कातडं शेकलं, एक काठी टाकून बघितली, पुन्हा शेकलं. मग लागले.

आरती झाली. मग पाठवणी सुरू झाली. अमक्या गावच्या आई, सेवा गोड मानून घे, आपल्या ठायी सुखानं जा. एकेक नाव. मी डोळे मिटले होते. हीच नावं मी महिनोन्‌महिने ताणली होती, पसरली होती, त्यांचे कोपरे घासून गोल केले होते, आणि आता ती पुन्हा नावं झाली होती, प्रत्येकीचं गाव, प्रत्येकीची वाट. बंद खोलीत दिवटीच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. खालच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर मागं घेताना पीं पीं करत होता, आणि मला एरवी त्याचा राग आला असता, टेक खराब झाला म्हणून. त्या दिवशी तो असू दे वाटलं. शेवटचा देव झाला. संबळ थांबला. मला ठाऊक होतं की आता काठ्या वर असणार. श्वास ऐकू आला. तोच. मी त्याला एवढा ओळखत होतो की पुढं कुठं तुटतो तेही मला माहीत होतं. तिथं तो तुटला नाही. लांबत गेला. मी डोळे उघडले. आण्णा माझ्याकडं बघत होते, घाम आलेला, ओठ हलत होते आणि त्यातून काही निघत नव्हतं. मला वाटलं होत नाही यांच्यानं, राहू दे, मी म्हणू का? मी तोंड उघडलं. आण्णांनी मान हलवली, नको म्हणून.

"रंभा," आण्णा म्हणाले.

मोठ्यानं. खणखणीत, देवीला मारतात तशी हाक. माझ्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकत होतो. "रंभा, सेवा गोड मानून घे. आमी दोघंबी बरं हाय. गरम पानी देतंय पोरगं. तू आता सुखानं जा." मग दोनच ठोके संबळाचे, आणि त्यांनी दिवटी उतरवून माझ्या हातात दिली. यजमानानंच करायचं असतं. मी ती डब्यातल्या दुधात बुडवली. चर्रर्र झालं, धूर आला, दुधाचा करपट वास खोलीभर पसरला, आणि मग काही नव्हतं. मी पाटावर बसून हमसून हमसून रडलो, कपाळाचं कुंकू नाकावर आलं. योगिनी मशीन बंद करायची विसरली होती. तिनंही डोळे पुसले आणि मग बटण दाबलं.

चहा झाला. आण्णांनी दोन बिस्किटं बुडवून खाल्ली, खिडकीतून बाहेर बघत इथं पूर्वी काय पिकायचं ते योगिनीला विचारत होते. मी हेडफोन लावून नुकतंच टिपलेलं पुन्हा ऐकलं. ताणायचं काही नव्हतं त्यात, फिरवायचंही नव्हतं. टँकरही राहू देणार होतो. फक्त एकच गोष्ट विचारायला हवी होती आणि ती विचारायला मला धीर होईना, कारण हे भीमराज ऐकणार होता, पुनम ऐकणार होती, लांब कुठंतरी झोप न येणारी ती बाई ऐकणार होती. शेवटी हेडफोन गळ्यात घेऊन म्हटलं, "आण्णा, आईचं नाव आलंय त्यात. जाहीर होईल. ठेवू की काढू?"

"ठेव की," आण्णा म्हणाले. "न्हाईतर कुनाला सांगायलोय ते तिला कळायचं कसं?" त्यांनी कप बशीवर ठेवला आणि संबळ चादरीत न गुंडाळता तसाच खांद्याला लावला. "आन् कुसुमताईला फोन लाव. गनराजची तारीख काय धरायची, इचार."